पाणंद

हा पाठ आपण कोठे आणि केव्हा वाचत असाल, याची मला साधारण कल्पना आहे. कुणी शिरवळच्या कारखान्यातली दुसरी पाळी संपवून घरी आल्यावर, कुणी मुले झोपल्यावर, कुणी लोणंदच्या बाजारात कांद्याची गाडी खाली होईपर्यंत टेम्पोच्या केबिनमध्ये बसून. आपण शिकता, ते प्रवास करत शिकता. म्हणून आज मी आपल्याशी रस्त्यांविषयी बोलणार आहे. रस्त्यांविषयी म्हणजे ज्यांवर मोटारी धावत नाहीत, अशा रस्त्यांविषयी. ओघात एका चुकीविषयीही बोलावे लागेल. ती चूक माझी आहे.

मी सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याचा. पुण्या-मुंबईकडे हे सांगितले की लोक घाटातल्या थंड हवेच्या खंडाळ्याविषयी बोलू लागतात. म्हणून आमच्याकडे 'पारगाव-खंडाळा' असे जोडनाव सांगण्याची रीत आहे. आमचे खंडाळे थंड हवेचे नाही. पश्चिमेकडचा पाऊस वाईच्या डोंगरांवर बहुतेक ओसरतो आणि आमच्या वाट्याला उरलेला येतो. गावाच्या उत्तरेला, शिरवळच्या पलीकडे, नीरा नदी जिल्ह्याची सीमा आखते आणि दक्षिणेला महादेवाच्या डोंगररांगेचा एक फाटा आडवा उभा आहे. त्यावरून खंबाटकीचा घाट जातो. घाटमाथ्याच्या अलीकडे पडलेला पाऊस नीरेला मिळतो, पलीकडे पडलेला कृष्णेला. नीरा पुढे भीमेला आणि भीमा रायचूरजवळ कृष्णेला मिळते. म्हणजे माथ्यावर एकमेकांपासून दुरावलेले दोन थेंब शेकडो किलोमीटर फिरून पुन्हा एकत्र येतात. शाळेत हे नकाशावर शिकलो होतो. ते पायांना कळले वयाच्या बावन्नाव्या वर्षी, सायकलवर.

सायकल घेतली ती डॉक्टरांच्या सांगण्यावरून. रक्तातली साखर वाढली होती. लहानपणी तासाच्या भाड्याने आणलेल्या मोठ्या सायकलच्या दांड्याखालून पाय घालून शिकलो होतो. त्यानंतर पस्तीस वर्षे सायकलला हात लावला नव्हता. नवी सायकल गिअरची होती. चढ लागला की एक कळ दाबायची, पाय हलके होतात आणि वेग निम्मा होतो. काहीच फुकट मिळत नाही, हे त्या यंत्राइतक्या प्रांजळपणे मला दुसऱ्या कुणी सांगितलेले नाही.

पहिले दोन महिने मी महामार्गाच्या कडेने जात असे. मुंबई-बंगळूर महामार्ग आमच्या गावाला चिकटून जातो. घाटात बोगदा झाल्यापासून जुना घाटरस्ता साताऱ्याकडे जाणाऱ्या वाहनांसाठी आणि बोगदा पुण्याकडे येणाऱ्या वाहनांसाठी, अशी एकेरी व्यवस्था तेव्हा होती. त्यामुळे सायकलवाल्याची मोठी गंमत होई. घाट चढून वाईच्या बाजूला उतरता येई. पण परतायचे तर बोगदा आणि त्यापुढचे ते 'एस' आकाराचे वळण, जिथल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या आहेत. जाता येई, येता येत नसे. एका पहाटे घाटाच्या पायथ्याशी एक मालट्रक इतक्या जवळून गेला, की त्याच्या नुसत्या वाऱ्याने मी कडेच्या चरात पडलो. मनगट मोडले. ट्रकचालकाला कदाचित काही कळलेही नसेल. पुढे सहा आठवडे सायकल भिंतीला टेकून उभी होती आणि मी प्लास्टरमधला हात घेऊन वर्गात व अभ्यासकेंद्रावर जात होतो.

आता चुकीविषयी. दर रविवारी मी अभ्यासकेंद्रावर समंत्रक म्हणून येत असे. द्वितीय वर्षाच्या मराठीच्या वर्गात एक विद्यार्थिनी होती. डोंगरपायथ्याच्या एका वस्तीवरून ती सायकलने येई. लग्नानंतर दहा वर्षांनी पुन्हा वही हातात घेतलेली; अक्षर मोठे, गोल, स्वाध्याय वेळेवर. डिसेंबरात ती लागोपाठ तीन संपर्कसत्रांना आली नाही. चौथ्या रविवारी तिने एका मुलाबरोबर वहीचा अर्धा कागद पाठवला. त्यावर एकच वाक्य होते : 'पाणंद नांगरली, म्हणून येता आले नाही.'

मी काय केले असेल? मी भाषाविज्ञानाचा माणूस. बोलींतले शब्द टिपून ठेवण्याची मला तीस वर्षांची सवय. मी खिशातून कार्ड काढले आणि लिहिले : 'पाणंद, स्त्रीलिंगी. दोन कुंपणांमधली, शेतांतून जाणारी अरुंद वाट. खंडाळा तालुका, वय अंदाजे तीस, लेखी नोंद.' खाली पुस्ती जोडली, की विदर्भात याला 'पांदण' म्हणतात आणि कोकणात दगडी पायऱ्यांची असेल तर 'पाखाडी'. कार्ड खोक्यात टाकले. मग हजेरीपटावर तिच्या नावापुढे अनुपस्थितीची खूण केली.

शब्द मी घेतला. वाक्य वाचलेच नाही.

मार्चमध्ये हात बरा झाला, पण महामार्गाकडे पाय वळेना. वाहने नसलेला रस्ता हवा होता. परदेशातल्या अशा रस्त्यांविषयी मी वाचले होते. इंग्लंडमध्ये ब्रिस्टल आणि बाथ या शहरांमधला बंद पडलेला लोहमार्ग स्वयंसेवकांनी १९७९ पासून सायकलसाठी तयार केला. स्पेनमध्ये १९९३ पासून जुन्या रेल्वेमार्गांचे असेच 'हिरवे मार्ग' केले गेले. रेल्वेचा चढ मुळातच सौम्य असतो, म्हणून डोंगराळ मुलखातही तिथे म्हातारी माणसे आणि मुले सहज सायकल चालवतात. आपल्याकडे मात्र लोणंदवरून सालपे-आदर्कीच्या डोंगरात चढणारी रेल्वे सुदैवाने चालू आहे. मग आपल्याकडे काय आहे, या विचारात मी तहसील कचेरीतून आसपासच्या गावांचे नकाशे आणले. आपल्यापैकी शेतकरी असलेल्यांना ते परिचित असतील. त्यांत गटांच्या सीमा ठसठशीत रेषेने काढलेल्या असतात आणि काही ठिकाणी तुटक रेषा असतात. एकेरी तुटक रेषा म्हणजे पायवाट, दुहेरी म्हणजे गाडीवाट. भिंगाखाली पाहू लागलो, तर खंडाळ्यापासून लोणंदपर्यंत, डोंगराच्या कुशीतून, ओढे ओलांडत, महामार्गाला कुठेही न शिवता या तुटक रेषांचे एक जाळेच पसरलेले दिसले.

त्या नकाशाशेजारी मी माझ्या शब्दकार्डांचे खोके उघडले. रस्त्यांचे शब्द एकत्र लावावेत, एवढाच हेतू होता. आणि ते कार्ड हाती आले. कार्डामागे तो अर्धा कागद टाचलेला होता. या वेळी मी तो कागद वाचला. मी जी गोष्ट हौसेसाठी शोधत होतो, ती कुणीतरी नांगरून टाकली आहे, हे एका विद्यार्थिनीने मला तीन महिन्यांपूर्वी लेखी कळवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सायकल काढली.

डांबरी सडक सोडून आपण गाडीवाटेला लागतो, तेव्हा पहिल्यांदा बदलतो तो आवाज. टायरखाली मुरूम करकरतो, मग फुफाटा लागतो आणि आवाजच नाहीसा होतो. दोन्ही अंगांना निवडुंग, घायपात, मधूनच बोर आणि बाभूळ. बाभळीचा काटा आणि जमिनीवर पसरलेला सराटा हे या मुलखातल्या सायकलचे खरे शत्रू. पहिल्याच महिन्यात मी चार वेळा पंक्चर काढले. वाटेच्या मधोमध बैलगाडीच्या चाकांनी पडलेल्या दोन खोल चऱ्या असतात. त्यांना चाकोरी म्हणतात. आपण 'चाकोरीबद्ध जीवन' असे लिहितो, तेव्हा तो शब्द पुस्तकातून आलेला असतो. सायकलचे पुढचे चाक एकदा चाकोरीत शिरले, की ते बाहेर काढताना हँडल कसे हिसडा मारते आणि आपण कसे कोपरावर पडतो, हे अनुभवल्यावर मी तो शब्द वर्गात जपून वापरू लागलो. चाकोरी सोयीची असते, हेही तेव्हाच कळले. तिच्यात राहिलो तर वाट चुकत नाही.

आणखी एक बदल होतो. मोटारीतून मी बोलीचे नमुने गोळा करायला जात असे, तेव्हा लोक माझ्याशी प्रमाणभाषेत बोलत. गाडी पाहिली की त्यांचे 'हाय' चे 'आहे' होई. सायकलवरून घामाघूम झालेला माणूस उतरला, की त्याला आधी पाणी मिळते आणि मग खरी भाषा. 'कुठं निगाला, सर? हितनं सरळ जावा, वड्यात उतरा, पल्याड माळ लागंल. माळाच्या वरच्या अंगाला वस्ती हाय. पर वाट न्हाई आता.' हे मला एका मेंढपाळाने सांगितले. त्याची मेंढरे त्याच पाणंदीतून अडून अडून चालली होती.

वाट न्हाई आता. पुढे गेल्यावर ते दिसले. पाणंद एका बांधापर्यंत आली आणि संपली. पलीकडे कापणी झालेल्या ज्वारीची धसकटे होती. कुंपणाचे निवडुंग उपटून बांधावर टाकले होते, त्यांना पुन्हा अंकुर फुटले होते. साधारण दोनशे पावलांनंतर, धसकटांच्या पलीकडे, पाणंद पुन्हा सुरू होत होती. मधला तुकडा नव्हता. मी सायकल उचलून धसकटांतून चालत गेलो.

वस्तीवर तिच्या सासऱ्यांनी घोंगडे अंथरले, चहा झाला. हकिगत साधी होती. दोन भावांची वाटणी झाली होती. वाटणीत पाणंदीलगतचे रान थोरल्याच्या मुलाकडे गेले. कुणाच्या वाट्याला किती गुंठे, याच्या हिशेबात त्याला दोन-तीन गुंठे कमी भरले, तेव्हा नोव्हेंबरात पेरणीच्या वेळी त्याने पाणंद नांगरून ते भरून काढले. भाषाशास्त्राच्या दृष्टीने 'वाट' आणि 'वाटा' या शब्दांचा एकमेकांशी संबंध नाही. पहिला संस्कृत 'वर्त्मन्' पासून आला, दुसरा 'वण्ट' पासून. ध्वनिपरिवर्तनाच्या ओघात ते शेजारी येऊन बसले आहेत, इतकेच. हे मी अनेक वर्षे शिकवले आहे. त्या दोनशे पावलांत मात्र एकाने दुसऱ्याला खाल्ले होते.

पाणंदीने अभ्यासकेंद्र पाच किलोमीटर. ती बंद झाल्यावर उरला तो खालचा रस्ता : तीन किलोमीटर महामार्गापर्यंत आणि मग महामार्गाच्या कडेने, तेही उलट्या दिशेने. 'मी गेले असते,' ती म्हणाली, 'पण घरचे नाही म्हणाले. आणि सर, त्यांचं चूक नाही. मलाही भीती वाटतेच.' माझ्या मनगटाकडे पाहत मी गप्प बसलो.

मी विचारले, तक्रार का केली नाही? सासरे म्हणाले, 'सर, त्यो काय परका हाय व्हय? सख्खा पुतण्या हाय. कचेरीत कुणाला उभा करू?' पुतण्याही भेटला, बांधावरच. तो रागीट नव्हता, उद्धटही नव्हता. मी गावनकाशाची प्रत दाखवली. तो हसून म्हणाला, 'नकाशात आसंल, सर. पर रानात कुठं हाय?'

या प्रश्नाला कायद्यात उत्तर आहे आणि ते आपल्यापैकी पुष्कळांच्या उपयोगी पडेल, म्हणून येथे थोडे थांबतो. शेताकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी बेकायदा अडवली, तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. मात्र अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. वाट मुळातच नसेल आणि शेतकऱ्याला दुसऱ्याच्या बांधावरून रस्ता हवा असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चे कलम १४३ आहे. 'वहिवाट' हा शब्दही पाहा. लोक जिच्यावरून जात राहतात ती वाट, एवढाच त्याचा आशय. पण त्या जात राहण्यातूनच हक्क जन्माला येतो. चालणे थांबले, की हक्क सिद्ध करणे कठीण होते. नोव्हेंबरात पाणंद नांगरली आणि मी पोचलो मार्चच्या मध्यावर. चार महिने गेले होते. त्यांपैकी तीन महिने तो कागद माझ्या खोक्यात होता.

अर्ज एप्रिलमध्ये झाला. तो तिनेच लिहिला. मी फक्त शुद्धलेखन पाहिले. ते पाहताना 'पाणंद' या शब्दाखाली रेघ मारण्याचा मोह या वेळी झाला नाही. सासरे सही करायला तयार नव्हते. अखेर सासूबाईंनी सांगितले, की मेंढरे, बैल, दुधाची किटली सगळे त्याच वाटेने जाते, एकट्या सुनेच्या कॉलेजचा हा प्रश्न नाही. तेव्हा त्यांनी सही केली. त्या वर्षीची परीक्षा मात्र तिला देता आली नाही.

निकाल लागेपर्यंत दोन हंगाम गेले. त्या काळात मी उरलेल्या तुटक रेषांवरून हिंडत राहिलो. ओघाने त्यांतल्या काही सांगतो. आपल्यापैकी कुणाकडे सायकल असेल आणि हिवाळ्यातली एखादी सकाळ मोकळी असेल, तर उपयोग होईल.

सर्वांत सुखाची वाट कालव्याच्या भरावावरची. वीर धरणातून निघणारा नीरा उजवा कालवा फलटणकडे जातो. कालव्यातले पाणी स्वतःच्या वजनाने वाहते, म्हणून त्याचा उतार अगदी नाममात्र ठेवावा लागतो आणि तो डोंगराच्या वळणावळणाने, समपातळीने जातो. त्याच्या कडेची वाटही तशीच. चहूकडे टेकड्या आणि तुम्ही मात्र सपाटीवर. कालव्याच्या वरच्या अंगाला माळ आणि करडे गवत, खालच्या अंगाला ऊस. त्या एका रेषेने दोन हवामाने वेगळी केलेली. ही वाट जलसंपदा खात्याच्या देखभालीची आहे, तेव्हा खात्याच्या माणसांनी अडवले तर वाद न घालता परतावे. अलीकडे धोम-बलकवडीचे कृष्णेचे पाणीही डोंगराच्या पोटातून बोगद्याने खंडाळा तालुक्यात येते. घाटमाथ्यावर वेगळे होणारे ते दोन थेंब आता माणसाने आधीच एकत्र आणले आहेत.

बोरी आणि सुखेड या दोन गावांमधला ओढा मी फेब्रुवारीत ओलांडला, तेव्हा तो कोरडा होता. नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी याच ओढ्याच्या दोन काठांवर दोन्ही गावांतल्या स्त्रिया उभ्या राहतात आणि वाद्यांच्या गजरात हातवारे करून एकमेकींना शिव्या देतात. 'बोरीचा बार' म्हणून ते प्रसिद्ध आहे. शिव्यांच्या रूपरचनेवर एक उत्तम प्रबंध तिथे वाहून जातो, असे मला दरवर्षी वाटते. पण तो लिहायचा तर कार्डे घेऊन काठावर उभे राहावे लागेल आणि कार्डांवरचा माझा विश्वास आता पूर्वीसारखा उरलेला नाही.

आषाढीच्या वारीत ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरास्नानानंतर सातारा जिल्ह्यात येते आणि लोणंदला मुक्कामाला थांबते. त्या दिवसांत वाहने दुसरीकडे वळवतात आणि मोठा रस्ता केवळ चालणाऱ्यांचा होतो. माझ्या माहितीतला महाराष्ट्रातला वाहनमुक्त रस्त्याचा सर्वांत मोठा प्रयोग हाच.

आणि नायगाव. महामार्गापासून आत असलेल्या या गावी ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. माझ्यासारख्याला अशा योगायोगांचे उगाच कौतुक असते. तीन जानेवारीला तिथे मोठी गर्दी होते, गाड्यांच्या रांगा लागतात. मी गेलो तो एका साध्या मंगळवारी, मागच्या बाजूने, शेतांतल्या वाटेने. घराच्या ओसरीवर सावली होती. पुण्यात शाळेला जाताना सावित्रीबाईंच्या अंगावर लोक शेण आणि चिखल टाकत, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती गोष्ट शाळेतली नाही, शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यावरची आहे, हे तोवर माझ्या ध्यानात आले नव्हते.

निकाल पाणंदीच्या बाजूने लागला. तलाठी आणि मंडळ अधिकारी यांच्यासमोर मोजणी झाली, दगड रोवले. पूर्वी गाडी जाई, आता जेमतेम माणूस आणि सायकल जाते. पुतण्याने बाजूला तार ओढली आहे आणि सासऱ्यांनी रुंदीसाठी पुन्हा कचेरीत जायचे नाही, असे ठरवले आहे. दोन्ही घरांचे बोलणे अजून सुरू झालेले नाही. गेल्या दिवाळीत फराळाचे ताट त्या बांधावरून इकडे आले नाही की तिकडे गेले नाही, हे तिने मला सांगितले. त्यावर काय बोलावे, ते मला सुचले नाही.

ती आता तृतीय वर्षाला आहे. गेल्या जुलैच्या एका रविवारी पाऊस लागून राहिला होता. सकाळी नऊच्या सुमारास तिचा फोनवर संदेश आला : 'पाणंदीत चिखल आहे. सायकल उचलून आणते. उशीर होईल.' मी तो वर्गात वाचून दाखवला. साडेदहाचे सत्र आम्ही सव्वाअकराला सुरू केले.